बंद घराची घरपट्टी: मुंबई मंडळ आणि ग्रामपंचायत यांच्यातला एक वाद

पार्श्वभूमी

गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातलं. सात वाड्या, एक ग्रामपंचायत, आणि निम्म्याहून जास्त घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. त्या कुलपांच्या किल्ल्या लालबाग, करी रोड, भांडुप, दिवा, विरार इथल्या घरांत खुंटीला अडकवलेल्या. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. त्या काळात मी गावाच्या मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, चिटणीस होतो. ज्या पत्रकामुळे हा वाद चिघळला त्याचा मसुदा माझ्या हातचा होता, म्हणून झालं ते नीट मांडणं ही माझी जबाबदारी मानतो.

आमचं मंडळ गिरण्यांच्या काळातलं. तेव्हा मुंबईत गावाची एक खोली होती. पाळ्यांप्रमाणे माणसं आळीपाळीने झोपायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि शिल्लक राहील ती गावच्या कामाला जायची. 1982 च्या संपात खोली गेली, मंडळ मात्र टिकलं. शाळेची कौलं, देवळाचा सभामंडप, दोन वाड्यांमधली पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, ही कामं मंडळाच्या पैशातून झाली. त्यामुळे आमच्या पिढीच्या मनात एक समजूत पक्की बसली होती की गाव आपण चालवतो आणि ग्रामपंचायत ही दाखले देणारी कचेरी आहे. या प्रकरणाचं मूळ त्या समजुतीत आहे.

पेच कसा उभा राहिला

गणपतीला गावी गेलेल्या लोकांच्या हातात ग्रामपंचायतीच्या शिपायाने मागणीची बिलं ठेवली. कोणाची घरपट्टी दुप्पट झालेली, कोणाची तिप्पट. शिवाय दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी आणि मागची थकबाकी. गौरीच्या दिवशी ओटीवर जमलेल्या माणसांचा दुसरा विषयच नव्हता. "नळ वर्षातून पंधरा दिवस उघडतो, पट्टी बारा महिन्यांची कशाला?" हा प्रश्न मी त्या आठवड्यात वीस जणांकडून ऐकला असेन.

मुंबईत परतल्यावर आणखी एक मुद्दा पुढे आला आणि तो जास्त झोंबणारा होता. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर मुंबई महापालिकेच्या हद्दीत 1 जानेवारी 2022 पासून माफ झाला आहे. आमच्यातले कितीतरी जण पुनर्विकासात मिळालेल्या त्याहून लहान घरांत राहतात. एवढ्या महाग शहरात राहत्या घराला कर नाही आणि कोकणातल्या बंद घराला आहे, हे लोकांना उलटं वाटत होतं. भावना म्हणून ते मला आजही समजतं. पण महापालिकेकडे इतर उत्पन्न आहे. 2017 मध्ये जकात बंद झाली तेव्हा तिच्या बदल्यात भरपाई ठरली. ग्रामपंचायतीला मात्र स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी आणि किरकोळ फी एवढंच. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्याचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो आणि उरलेल्यातूनही पगार भागवता येत नाहीत. पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार आणि पंपाचं वीजबिल ग्रामनिधीतूनच द्यावं लागतं. हे आम्ही तेव्हा कोणालाच विचारलं नाही.

वाढ झाली ती कशामुळे, हेही आम्हाला नंतर कळलं. पूर्वी घरपट्टी क्षेत्रफळावर ठरायची. 31 डिसेंबर 2015 च्या नियमदुरुस्तीने ती भांडवली मूल्यावर आली. जागेचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जुनं होईल तशी धरायची घट) मिळवायचा आणि जी बेरीज येईल तिला वापरानुसार भारांक लावायचा. अशा मूल्याच्या दर हजार रुपयांना काही पैसे असा कर. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. आमच्या पंचायतीने ती बरीच वर्षं केलीच नव्हती, म्हणून सगळी वाढ एका फटक्यात अंगावर आली.

गावाचा कारभार कोणाच्या हातात होता

इथे थोडं मागे जावं लागेल, कारण आमच्या सभेत प्रत्येक जण इतिहासाचीच साक्ष काढत होता. "पूर्वी गाव आपला कारभार आपण बघायचं, सरकारला विचारत नव्हतं," असं ज्येष्ठ मंडळी सांगत होती.

देशावरच्या गावांबद्दल यात तथ्य आहे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि तंटे सोडवणारी गोतसभा अशी ती घडी होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात लिहिलं की इतर सगळी सरकारं काढून घेतली तरी आपल्या माणसांना सांभाळायला ही गावं जवळजवळ पुरेशी आहेत. पण आमचं गाव खोतीचं. तिथे पाटलाच्या जागी खोत होता. सारा तो भरायचा आणि कुळांकडून अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, पीक घ्यायचा, वर वेठही. मुंबईला माणसं गेली त्याचं एक मोठं कारण हेच होतं. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. त्यामुळे "पूर्वीचं स्वराज्य" म्हणताना आमच्या गावाने नेमकं कोणतं स्वराज्य पाहिलं, हे विचारायला हवं होतं. माझ्या आजोबांच्या लहानपणी खोताच्या अंगणात उभं राहायचं ते डोकं उघडं ठेवून, असं घरात सांगितलं जायचं.

स्थानिक कर ही कल्पनासुद्धा अलीकडची नव्हे. 1869 च्या मुंबई कायद्याने जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी घेतला जाऊ लागला. रस्ते आणि शाळा त्यातून व्हायच्या, खर्चावर रयतेचा अधिकार मात्र नव्हता. 1882 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या ठरावाने आणि 1884 च्या लोकल बोर्डांच्या कायद्याने थोडे निवडून आलेले सभासद आले. गावपातळीवर ग्रामपंचायतीचा कायदा 1920 चा, नंतर 1933 चा, आणि आज चालतो तो 1958 चा. 1933 च्या कायद्याचं विधेयक 1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात आलं तेव्हा आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. प्रौढ मतदान आणि अस्पृश्यांना राखीव जागा नसतील तर पंचायत म्हणजे गावातल्या बलवंतांच्या हाती दिलेली आणखी एक सत्ता, ही त्यांची भीती होती. संविधान सभेतही 4 नोव्हेंबर 1948 रोजी त्यांनी खेड्याच्या गोडव्यांना तितक्याच स्पष्ट शब्दांत उत्तर दिलं. तरी त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं मार्गदर्शक तत्त्व स्वीकारलं गेलं, तेच आजचं अनुच्छेद 40. पुढे 1993 मध्ये 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. त्यातून राखीव जागा, ठरलेल्या मुदतीच्या निवडणुका आणि ग्रामसभा आली. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर पत्रक वेगळं झालं असतं.

समोर असलेले पर्याय

दिवाळीनंतर परळच्या एका शाळेच्या सभागृहात मंडळाची खास सभा झाली. तरुणांचं म्हणणं सरळ होतं, की कोणीही भरायची नाही, बघू काय करतात. त्यांना साथ द्यायला निवडणूक लढवलेले दोन-तीन जणही होते. त्यांचा हिशोब वेगळा होता, तो तेव्हाही जाणवत होता.

खजिनदारांनी मधला मार्ग सुचवला. मंडळाने पंचायतीला ठोक रक्कम द्यावी आणि सगळ्यांची पट्टी मिटवून टाकावी. वर्गणीच्या सवयीतून आलेला हा विचार दिसायला चांगला होता. पण कर घरागणिक असतो. नमुना 8 या आकारणीच्या नोंदवहीतल्या नोंदीवर तो बसतो, नमुना 9 मध्ये मागणी चढते आणि नमुना 10 ची पावती त्या घराच्या नावाने फाटते. देणगी घेऊन दीडशे घरांची मागणी पुसता येत नाही. ग्रामसेवकाने फोनवर हेच सांगितलं. आम्हाला तो आडमुठेपणा वाटला.

तिसरा पर्याय एका निवृत्त मास्तरांचा. ते म्हणाले, "प्रत्येकाने आपला नमुना 8 चा उतारा काढा. बिल चुकलंय की महाग वाटतंय, ते आधी ठरवा." आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील होतं, त्याही पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येतं. मास्तरांचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत मागून आवाज आला, "मास्तर, दीडशे अपिलं कोण लिहिणार?" आणि विषय बारगळला.

चौथी गोष्ट पर्याय म्हणून मांडली गेली नव्हती, पण मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बौद्धवाडीचं मुंबईत वेगळं मंडळ आहे. त्यांचे एक कार्यकर्ते ओळखीमुळे सभेला आले होते, मागच्या बाकावर बसले होते. शेवटी त्यांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "गावकीच्या वहीत आमची नावं कधी नव्हती. देवळाची वर्गणी तुम्ही आमच्याकडे मागितली नाहीत, पाखाडी आमच्यापर्यंत आली नाही. घरपट्टीच्या पावतीवर मात्र आमचं नाव तुमच्यासारखंच आहे. तुम्ही ती बंद पाडायला निघालात, तर आम्ही तुमच्याबरोबर नाही."

सभागृह गप्प झालं. अध्यक्षांनी "विचार करू" म्हणत पुढचा विषय घेतला. मीही गप्प बसलो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यांच्या बोलण्याचा अर्थ लगेच कळला असता. आम्ही पट्टी अडवली की त्यांच्या वाडीच्या दिव्याचा आणि गटाराचा पैसा अडतो. मंडळाच्या वर्गणीला असं कोणतंही बंधन कधीच नव्हतं आणि त्या वर्गणीतून सत्तर वर्षांत बौद्धवाडीत एक दगडही बसलेला नाही.

काय केलं

बहुमताने भरणा थांबवण्याचं ठरलं. पत्रक मी लिहिलं. "जोपर्यंत वाढ रद्द होत नाही तोपर्यंत कोणीही घरपट्टी भरू नये" हे त्यातलं वाक्य. व्हॉट्सअ‍ॅपवरून ते एका रात्रीत सगळीकडे गेलं.

पुढचे चार महिने काहीच झालं नाही आणि आम्हाला वाटलं जिंकलो. एप्रिलमध्ये पंपाचं वीजबिल थकलं. मे महिन्यात, म्हणजे विहिरी तळाला जातात नेमक्या तेव्हा, नळयोजनेची वीज तोडली गेली. नऊ दिवस पाणी नव्हतं. त्रास झाला तो गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि बायकांना. हंडे घेऊन पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायची वेळ आली ती त्यांच्यावर. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आपली पट्टी भरलेली होती.

मी सुट्टीत गावी गेलो. आमच्या शेजारच्या काकी पंचायतीतून रिकाम्या हाताने परत आल्या होत्या. पेन्शनच्या कामासाठी रहिवासी दाखला हवा होता, पण घराची पट्टी थकलेली. मुलगा भांडुपला, त्याने पत्रक वाचून पैसे पाठवले नव्हते. काकी ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तू लिहिलंस म्हणून त्यानं भरली नाही. आता माझं काम तू करून दे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराची पट्टी भरली आणि संध्याकाळी सरपंचांकडे गेलो.

सरपंच ताई या गावच्या सून. गावकीच्या बैठकीत बाया बसत नाहीत, त्यामुळे मंडळातल्या जुन्या माणसांनी त्यांच्याशी थेट बोलणी कधी केलीच नव्हती, त्यांच्या नवऱ्याला निरोप जायचे. त्या दिवशी त्यांनी दप्तर माझ्यापुढे ठेवलं. जमेच्या बाजूला काय, खर्चाला काय, कोणाचे किती महिन्यांचे पैसे राहिलेत. मग म्हणाल्या, "दादा, आकारणीची यादी आम्ही फळ्यावर लावली होती. हरकतींची मुदत दिली होती. एकही हरकत आली नाही." खरंच होतं. यादी पावसाळ्याच्या तोंडावर पंचायतीच्या फळ्यावर लागली, मुदत गणपतीच्या आधी संपली आणि मुंबईत कोणाला पत्ताही नव्हता. कायद्याप्रमाणे प्रसिद्धी झाली होती आणि ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत ती पोचली नव्हती. यात पंचायतीचीही चूक आहे, मी ती त्यांच्यासमोर बोललो आणि त्यांनी ती मानली.

जूनमध्ये मंडळाची पुन्हा सभा घेतली. या वेळी बौद्धवाडीच्या मंडळाला रीतसर बोलावलं आणि त्यांना समोर बसवलं. पत्रक मागे घेण्याचा ठराव मी मांडला. विरोध झाला, दोन जण उठून गेले. मग मास्तरांचा जुना पर्याय उचलला. आठ जणांचा गट केला, दर रविवारी दादरला बसून प्रत्येक घराचा नमुना 8 उतारा आणि घराचे फोटो समोर ठेवून ताळा घातला. पंचायतीने उतारे एकत्र काढून दिले, ही मदत मोठी.

एकेका घराचा ताळा घालताना गोष्ट उलगडत गेली. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेली जुनी घरं काही ठिकाणी स्लॅबची नवी इमारत म्हणून चढली होती. 1970 च्या आसपासच्या घराला घसारा मोठा मिळायला हवा, पण बांधकामाचं वर्षच कोरं होतं, त्यामुळे घर नवं धरलं गेलं. एका ठिकाणी पडलेला गोठा राहती खोली म्हणून मोजला होता. अशी चुकीची घरं 19 निघाली. उरलेल्यांची आकारणी नियमाप्रमाणे बरोबर होती, फक्त महाग वाटत होती. माझ्या घराची मागणी साडेबाराशे रुपये होती आणि त्याच वर्षी पालखीच्या वर्गणीला मी अडीच हजार दिले होते. ते देताना मी पावतीकडे पाहिलंही नव्हतं.

काय हाती आलं

19 घरांपैकी 16 घरांच्या नोंदी ग्रामपंचायतीने जागेवर पाहणी करून दुरुस्त केल्या. तीन घरमालकांनी पंचायत समितीकडे अपील केलं. त्यातलं एक मान्य झालं, दोन फेटाळली. बाकीच्यांनी टप्प्याटप्प्याने भरणा केला. जप्तीची पाळी कोणावर आली नाही, तरी 1958 च्या कायद्याच्या कलम 129 खाली पंचायतीला ती करता आली असती आणि तिथे वसुली अडली तर जमीनमहसुलाची थकबाकी म्हणून ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत झाली असती.

ग्रामसभा हा दुसरा धागा. ग्रामसभेचा सभासद म्हणजे गावचा मतदार. मुंबईत मत असलेला माणूस तिथे बसू शकतो, हात वर करू शकत नाही. आमच्यातल्या अनेकांना हे अपमानास्पद वाटलं. मला ते बरोबर वाटतं. वर्षभर तिथलं पाणी जे पितात त्यांनी ठरवावं. आम्ही मागितलं ते एवढंच की मे महिन्याची ग्रामसभा लोक गावी असतील अशा दिवशी ठेवा आणि जमाखर्च वाचून दाखवा. पुढच्या वर्षीची 1 मेची सभा तशी झाली. दोन तास चालली. बौद्धवाडीच्या दिव्यांचा ठराव त्या सभेत झाला आणि पावसाळ्याच्या आधी खांब उभे राहिले.

जे पुन्हा वेगळं करायला हवं

पहिली सभा घेण्याआधी बौद्धवाडीच्या मंडळाकडे मी स्वतः जायला हवं होतं. पाहुण्यासारखं मागच्या बाकावर बसवून शेवटी दोन शब्द बोलायला सांगणं आणि मग त्यांचं न ऐकता ठराव करणं, ही या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक. वीजबिलाचे पैसे नंतर भरता आले. ही चूक भरून काढायला वेळ लागतो आहे.

भरणा थांबवण्याचा ठराव करण्याआधी पंचायतीचा खर्च मागवून पाहिला असता तर पाण्याचा पंप समोर आला असता. अडवणूक कोणाच्या अंगावर पडणार, हा प्रश्न सभेत एकदाही विचारला गेला नाही. गावात राहणारं कोणीच त्या सभेला नव्हतं, ते तर उघडच आहे.

ग्रामपंचायतीकडूनही एक अपेक्षा राहते. फळ्यावर लावलेली यादी फोटो काढून मंडळाच्या गटावर टाकायला दोन मिनिटं लागतात. आता ते होतं. पुढच्या चार वर्षांनी आकारणी सुधारेल तेव्हा हरकती मुदतीत जातील, अशी तयारी करून ठेवली आहे.

एक गुंता मात्र अजून सुटलेला नाही. सात घरं नमुना 8 मध्ये अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. वारस मुंबईत विखुरलेले, एका घराला तर 14 चुलतभाऊ. प्रत्येक जण म्हणतो, दुसऱ्याने भरावी. एकाने भरली तर घर त्याचं होईल की काय, अशी बाकीच्यांना भीती. नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा होत नाही, हे समजावून दमलो. येत्या रविवारी त्या 14 जणांपैकी 9 जण दादरला यायला तयार झालेत. उरलेल्या पाचांचे फोन नंबर शोधणं चालू आहे.